पत्ता नसलेलं दुःख

१९८५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात एक एल.पी. निघाली. बँडचं नाव 'राइट्स ऑफ स्प्रिंग', आणि तबकडीचंही तेच. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत संपणारी. वाजवणारे चौघे, विशीच्या उंबरठ्यावरचे. बँड जेमतेम दोन वर्षं टिकला. जाहीर कार्यक्रम झाले पंधरा-वीस, तेही बहुतेक आपल्याच शहरात. १९८६ च्या सुरुवातीला चौघांनी तो थांबवला. पुढल्या वर्षी चार गाण्यांची एक छोटी तबकडी मागाहून आली, आणि तिथं सगळं संपलं.

या पुस्तिकेत त्या बारा गाण्यांवर बारा टिपणं आहेत. ती लिहिणारे आम्ही सगळे नालासोपारा पूर्वेचे, तुळिंज आणि आचोळे यांच्या मधल्या गल्ल्यांतले. कुणी कुरिअरचं काम करतं, कुणी बोरिवलीच्या एका इस्पितळात नर्स आहे, काहीजण अजून कॉलेजात आहेत. संगीताचं रीतसर शिक्षण एकाचंही नाही. या गाण्यांवर मराठीत वाचायला मिळावं असं वाटत होतं, म्हणून आम्हीच लिहायला बसलो. टिपणांच्या आधी चार गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. ही तबकडी दुःखाची आहे. पण त्या दुःखाला पत्ता नाही. ते देवाच्या पायाशी ठेवलेलं नाही, प्रेयसीला कळवलेलं नाही, दारूत बुडवलेलं नाही. ते समोर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर सरळ फेकलेलं आहे, आणि ती माणसं ते झेलतील असा गाणाऱ्याचा पक्का भरवसा आहे. तरुण मुलांनी 'मला लागलंय' हे इतक्या मोठ्यानं आणि इतकं उघड सांगितलेलं मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही.

हे कुठून आलं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. १९८० मध्ये इयन मकाय आणि जेफ नेल्सन या दोन मित्रांनी 'डिस्कॉर्ड' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. नुकतीच शाळा संपलेली. 'टीन आयडल्स' हा त्यांचा बँड मोडला होता, कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे हातात होते, आणि ते वाटून घेण्यापेक्षा आपली गाणी तबकडीवर काढावीत असं त्यांनी ठरवलं. सुरुवातीच्या तबकड्यांची वेष्टनं ही पोरं स्वतः कापत, दुमडत, चिकटवत. लेखी करार नव्हते, शब्दावर व्यवहार चाले. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. साठच्या दशकात अशोक शहाणे 'असो' काढत होते, राजा ढाले 'येरू' आणि 'चक्रवर्ती' काढत होते, तेव्हा त्यांची गरजही हीच होती: आपलं छापायला कुणी तयार नसेल तर आपण छापायचं, जमेल तितक्या प्रती काढायच्या आणि आपल्या माणसांत वाटायच्या. ज्या अरुण कोलटकरांच्या कविता शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं काढल्या, ते कोलटकर इंग्रजीत गाणी लिहीत आणि अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत. त्यांनी हा वॉशिंग्टनचा आवाज कान देऊन ऐकला असता, याची मला खात्री वाटते.

मकाय-नेल्सन यांचा पुढचा बँड 'मायनर थ्रेट', १९८० ते १९८३. पंक रॉक आधीच वेगवान. यांनी तो आणखी ताणला. दीड-दीड मिनिटांची गाणी, ओरडून म्हटलेली. याला हार्डकोर म्हणू लागले. या मुलांच्या आधी याच शहरात 'बॅड ब्रेन्स' हा कृष्णवर्णीयांचा बँड हा वेग गाठून बसला होता, आणि बाकी सगळे त्यांच्याकडेच बघून शिकले. पण वर्षा-दोन वर्षांत गोष्ट बिघडली. कार्यक्रमांत मारामाऱ्या नेमाच्या झाल्या. मंचासमोरची जागा दांडगट पोरांनी बळकावली, मुली मागच्या भिंतीशी ढकलल्या गेल्या. वेग आणि राग यांचा साचा पडला, तो कुणालाही उचलता येऊ लागला. ज्यांनी हे सुरू केलं होतं त्यांनाच तिथं जावंसं वाटेना.

१९८५ च्या उन्हाळ्यात या मित्रमंडळानं ठरवून नवा डाव मांडला. त्याला त्यांनी नाव दिलं 'रेव्होल्यूशन समर'. एमी पिकरिंगनं ओळखीच्या लोकांना निनावी चिठ्ठ्या धाडून त्याची दवंडी पिटली. 'एम्ब्रेस', 'बीफईटर', 'ग्रे मॅटर' हे बँड त्याच सुमाराचे. त्याच जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाच्या निषेधासाठी ही मुलं हाताला लागेल ते बडवत उभी राहिली. रस्त्यावरचा हा निषेध आणि गाण्यांतला हळवेपणा या दोन वेगळ्या गोष्टी त्यांना वाटत नव्हत्या. माणसानं बधिर होऊ नये, एवढाच आग्रह दोन्हीकडे होता.

या नव्या डावाची पहिली ठिणगी 'राइट्स ऑफ स्प्रिंग'ची. गी पिच्चोत्तो गाणारा आणि गिटार वाजवणारा, एडी जॅनी दुसऱ्या गिटारवर, माइक फेलोज बेसवर, ब्रेंडन कँटी ड्रमवर. ध्वनिमुद्रण १९८५ च्या फेब्रुवारीत 'इनर इअर' स्टुडिओत झालं. स्टुडिओ म्हणजे काय, तर नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएंटारा यांच्या राहत्या घराचं तळघर. निर्मिती इयन मकाय यांची. डिस्कॉर्डच्या यादीत ही सोळाव्या क्रमांकाची तबकडी.

आता आवाजाबद्दल, कारण इथं नवा श्रोता हमखास अडतो. पहिल्यांदा ऐकताना हा नुसता गोंगाट वाटतो. पुन्हा पुन्हा ऐकत गेलं की त्या गोंगाटात माणसं वेगळी दिसू लागतात. फेलोजची बेस नुसती ठेका धरून बसत नाही, ती स्वतःची सुरावट घेऊन चालते. कित्येक जागी गाण्याची चाल तिच्याच हातात असते. जॅनीची गिटार बारीक चिरत जाते आणि मधूनच एखादा लांब सूर ताणून धरते. कँटीचे ड्रम हार्डकोरच्या वेगानं धावतात, पण कडव्याच्या शेवटी एकदम थांबतात, सगळ्यांना दम घ्यायला जागा देतात, आणि मग पुन्हा कोसळतात. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. हार्डकोरला थांबणं माहीत नव्हतं. रागाला थांबायची गरज पडत नाही. दुःखाला पडते.

आणि या सगळ्यावर पिच्चोत्तोचा आवाज. तो सुरात राहायची धडपड करतो, आणि ओळीच्या टोकाशी पोचता पोचता फाटतो. आपल्याकडे आवाज फाटला की रियाज कमी पडला असं म्हणतात. इथं आवाज फाटतो तिथंच तो खरा पोचतो. पिच्चोत्तोला अधिक चांगलं गाता आलं असतं की नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याच्या गाण्यात ओरडण्याला आणि कुजबुजण्याला मधली पायरीच नाही. एका ओळीत तो तुमच्या कानाशी असतो, पुढच्या ओळीत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिसरं गाणं, 'फॉर वाँट ऑफ', हे या तबकडीचं काळीज आहे असं मी मानतो. काहीतरी हातातून निसटलं, निसटताना कळलं नाही, कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि आता तर त्याची आठवणही नीट हाताला लागत नाही. बस, एवढाच विषय. काय निसटलं, माणूस की वय की मैत्री, हे गाणं सांगत नाही. सांगितलं असतं तर ते एकट्या पिच्चोत्तोचं राहिलं असतं. धृपदाशी आल्यावर चाल अशी काही उघडते की अंगावर काटा येतो, आणि गंमत म्हणजे ती चाल दुःखी नाहीच. ती जवळजवळ आनंदी आहे. हरवलेल्या गोष्टीबद्दल बोलता येतंय, याचाच तो आनंद असावा.

चौथं 'हेन्स पॉइंट'. पोटोमॅक नदीकाठच्या एका उद्यानाचं हे टोक. १९८० पासून २००८ पर्यंत तिथं सुअर्ड जॉन्सन यांचं 'द अवेकनिंग' हे शिल्प होतं: जमिनीखालून वर येऊ पाहणारा एक प्रचंड माणूस. चेहरा, हात, गुडघा, पाऊल एवढंच मातीच्या वर, बाकी सगळं खाली गाडलेलं. तोंड उघडं. गाण्याचा या शिल्पाशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण हे गाणं ऐकताना मला तो माणूसच दिसतो, आणि त्याचं तोंड का उघडं आहे हेही कळतं.

'ड्रिंक डीप' सावकाश चालतं, जवळजवळ पाच मिनिटं, आणि तबकडीच्या मधोमध एक वेगळीच खोली उघडतं. 'पर्सिस्टंट व्हिजन' अडीच मिनिटांत सगळं सांगून मोकळं होतं. शेवटचं 'एंड ऑन एंड' मात्र सात मिनिटांच्या वर आहे, दीड-दोन मिनिटांच्या हार्डकोरच्या हिशेबानं प्रचंडच. त्यात तोच घोष फिरून फिरून येतो, दर वेळी थोडा चढत. चौघांना थांबायचं नाहीये, हे ऐकू येतं. बाकी गाण्यांबद्दल टिपणं बोलतील.

या संगीताला पुढं 'इमो' असं नाव पडलं. पिच्चोत्तोला ते कधीच मानवलं नाही. भावना असलेलं संगीत असा वेगळा प्रकार कसा काढता, मग काय 'बॅड ब्रेन्स' यंत्रमानव होते का, अशा आशयाचं उत्तर त्यानं एका मुलाखतीत दिलं होतं. त्याचं बरोबरच होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. १९९४ मध्ये 'सनी डे रिअल इस्टेट'ची 'डायरी' आली, २००६ मध्ये 'माय केमिकल रोमान्स'ची 'द ब्लॅक परेड'. आमच्याकडे इमो पोचलं ते या दुसऱ्या टप्प्यावर, ऑर्कुटच्या दिवसांत: कपाळावरून एका डोळ्यावर ओढलेले केस, काळी काजळरेघ, काळे टी-शर्ट. तुळिंज रोडवरून तसे केस घेऊन चालणाऱ्या मुलाला काय काय ऐकावं लागे ते मी पाहिलं आहे. त्या मुलांना मी मानतो. त्यांनी ज्याची चव घेतली ते ओढ्याचं खालचं पाणी होतं, एवढंच. वर चढत गेलं की हे १९८५ चं तळघर लागतं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढावं लागेल. ज्यांनी ती गाडी केली आहे त्यांना भजनी मंडळाचे डबे माहीत आहेत. टाळ असतात, एखादी ढोलकी असते, नसली तर डब्याचा पत्रा असतोच. चर्चगेटला जागा धरलेली असते, दादर सुटेपर्यंत सूर लागतो. दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबून आलेले हे पुरुष, घशाच्या शिरा ताणून गातात. आवाज फाटतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गाणारा कोण, ऐकणारा कोण असा फरक करायला तिथं जागाच नसते. कोपराला कोपर लागलेलं असतं, आणि गजर चढला की दारात लटकलेलाही त्यात ओढला जातो. पंकच्या चांगल्या कार्यक्रमाचं वर्णन मी कितीदा तरी वाचलं आहे: मंच नाही, अंतर नाही, शब्द सगळ्यांना पाठ. दर वेळी मला आमचा डबाच आठवला. शिवाय जे गायलं जातं तेही बघा. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेलं भांडण, त्याला दिलेले टोमणे, त्याच्यापुढं घातलेलं रडं. या भाषेत पुरुषानं मोठ्यानं रडण्याची परवानगी साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच मिळालेली आहे.

पण फरक आहे, आणि तोच मला ही पुस्तिका काढायला लावणारा आहे. भजनातल्या दुःखाला पत्ता असतो. समोर विठ्ठल उभा आहे, तो ऐकतो आहे. उत्तर देवो न देवो, बोलणं त्याच्याशी चाललं आहे. ज्याची ती श्रद्धा आहे त्याचं ओझं तिथं उतरतं, हे मी माझ्या वडिलांमध्ये पाहिलं. ते त्याच डब्यात गायचे. ज्याला तसं वाटत नाही त्यानं काय करायचं? त्याच्याकडेही दुःख तेवढंच असतं. तो ते कुणाला सांगणार?

वडील गेले त्या पावसाळ्यात मी कॉलेजात होतो. घरात मी मोठा. रडू नकोस असं मला कुणी सांगितलं नाही; तसं सांगावं लागतच नाही. येणारा प्रत्येक काका-मामा पाठीवर हात ठेवून, आता तूच सगळ्यांना सांभाळायचंस, एवढंच म्हणत होता, आणि ते म्हणणं मायेचंच होतं. आमची एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा, पाहुण्यांनी भरलेली. संडासात पाण्याचा नळ सोडून रडणं हा आमच्याकडे एकांत. त्या दिवसांत एका मित्रानं पेनड्राइव्हवरून माझ्या फोनमध्ये बरंच काही टाकलं होतं, त्यात ही गाणी होती. गाडीच्या दारात उभं राहून, वसईची खाडी ओलांडताना, मी 'फॉर वाँट ऑफ' ऐकलं. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळले. आवाज पूर्ण कळला. माझ्याच वयाचा कुणीतरी, माझ्याशी काहीही संबंध नसलेल्या गावातला, मला जे करता येत नव्हतं ते करत होता. त्या गाण्यानं मला बरं केलं वगैरे नाही. त्यानं मला जोड दिली.

तुळिंजबद्दल बाहेरच्या वाचकाला दोन शब्द सांगायला हवेत. रुळांच्या पश्चिमेला जुनं सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथंच सापडला. आम्ही मात्र रुळांच्या पूर्वेचे. इथली बहुतेक माणसं गेल्या काही दशकांत आलेली, कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून, मुंबईत परवडेनासं झाल्यावर. भाड्याची खोली, अकरा महिन्यांचा करार, मग दुसरी गल्ली. शाळेतला मित्र पुढल्या वर्षी कुठल्या पाड्यात असेल सांगता येत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत, आमच्या अगदी शेजारी, अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडण्यात आल्या. ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी मोजून घरं घेतली होती. हजारो माणसं पांगली. या पुस्तिकेतलं तिसऱ्या गाण्यावरचं टिपण ज्यानं लिहिलं त्याचं घर त्यात गेलं. गाणं कशाबद्दल आहे हे गाण्यात सांगितलेलं नाही असं मी वर म्हटलं. तो म्हणतो, ते दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबद्दल आहे. मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

असं असताना हे संगीत आपल्याकडे का रुजलं नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मुंबईत रॉक नव्हता असं नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक'चे मेळावे भरत. 'रॉक मशीन'नं १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली होती. पुढं मेटलनं तर इथं घट्ट मूळ धरलं. माझा अंदाज असा की मेटलला आपल्या कानांनी लवकर स्वीकारलं, कारण त्यात तयारी दिसते. वेगवान बोटं, अवघड तुकडे, तासन्‌तास केलेला रियाज. ज्या समाजात संगीत म्हणजे गुरू आणि तालीम, तिथं याला मान मिळणारच. पंक म्हणतं, तीन कॉर्ड शिक आणि आजच उभा राहा. आपल्याला हा संगीताचा अपमान वाटतो. वाटू नये, कारण भजनी मंडळात बसायला आपण कुणालाही तालमीचा दाखला मागत नाही.

दुसरं कारण अगदी साधं आहे, आणि मला ते जास्त खरं वाटतं: जागा. याच वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांनी नाच उचलला आणि जगापुढं नेला. सुरेश मुकुंद यांचा 'किंग्ज युनायटेड' हा चमू २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स'चा विजेता ठरला. नाचाला लागते गच्ची नाहीतर मैदान, आणि एक स्पीकर. ड्रमला लागते बंद खोली. झिएंटारांच्या तळघराशिवाय ही तबकडी झाली नसती. तो स्टुडिओ पुढं मोठ्या जागेत गेला आणि २०२१ मध्ये ती जागाही बंद झाली. पण सुरुवातीला एका माणसानं आपल्या घराखालची खोली पोरांना दिली, हे मूळ. आमच्याकडे खालच्या मजल्यावर कुणीतरी बारावीचा अभ्यास करत असतं, वर कुणाचं तान्हं झोपलेलं असतं. अंधेरीला तासाच्या भाड्यानं सरावाची खोली मिळते, पण ड्रमच्या कांड्या घेऊन गर्दीच्या वेळी उलटा प्रवास करायचा आणि रात्री शेवटच्या विरारवर नजर ठेवून वाजवायचं, यात निम्मा जीव जातो. तरीही मुंबईत ही वाट चालणारे झाले. 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड'ची 'द रिव्हेंज ऑफ कालीचरण' २०१३ मध्ये आली. 'पॅसिफिस्ट'ची 'ग्रेस्केल ड्रीम्स' २०१८ मध्ये. वॉशिंग्टनचा तो धागा या दुसरीत मला स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही इंग्रजीत आहेत. मराठीत असं गाणं व्हावं, अकरा महिन्यांच्या करारावर, शेवटच्या गाडीवर, पाडलेल्या इमारतीवर व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि या पुस्तिकेचं एक कारण तेही आहे.

तबकडीत उणं काही नाही असं नाही. शब्द कुठं कुठं इतके धूसर होतात की वाक्य कशावर टेकलं आहे ते सापडत नाही. वीस वर्षांच्या मुलाला वाटणारं सगळंच पहिल्यांदा घडत असतं, ती घाई इथं आहे. चौघेही मुलगे आहेत. ज्या मुली मागच्या भिंतीशी ढकलल्या गेल्या होत्या त्यांचं दुःख या गाण्यांत नाही. ते ऐकायचं तर वर्षभरानं सुरू झालेल्या 'फायर पार्टी' या मुलींच्या बँडकडे जायला हवं. तिथं गाते ती चिठ्ठ्या धाडणारी एमी पिकरिंगच. आणि पिच्चोत्तो-कँटी यांचं अधिक पक्व काम हवं असेल तर ते 'फुगाझी'त आहे. मकायबरोबर त्यांनी १९८७ पासून पुढं वाजवलं, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, कुठल्याही वयाच्या माणसाला आत घेतलं, आणि गर्दीत कुणी दुसऱ्याला इजा करू लागला तर गाणं थांबवून त्याला समज दिली, प्रसंगी पैसे परत देऊन बाहेर काढलं. मंचासमोरची जागा सगळ्यांची राहिली पाहिजे हा १९८५ चा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. 'फुगाझी' मोठा बँड आहे. तरी मी परत परत येतो तो या पहिल्या तबकडीकडे, कारण इथं अजून काहीच ठरलेलं नाही.

ऐकण्याबद्दल थोडं. मूळ एल.पी.वर बारा गाणी आहेत आणि आम्ही त्याच क्रमानं गेलो आहोत. १९९१ मध्ये निघालेल्या 'एंड ऑन एंड' या सीडीवर सतरा आहेत: बारा मूळ, त्याच वेळी मुद्रित झालेलं एक, आणि नंतरच्या छोट्या तबकडीची चार. बहुतेकांच्या हाती आता ही सतराची आवृत्तीच लागेल, म्हणून गोंधळ होऊ नये. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं तिसऱ्या गाण्यापासून सुरुवात करावी, मग पहिल्याकडे यावं. फोनच्या स्पीकरवर बेस हरवते, तेव्हा साधे का होईना पण इयरफोन लावा. गाण्यांचे शब्द आम्ही छापलेले नाहीत. टिपणांत त्यांचा आशय आमच्या भाषेत आहे, आणि प्रत्येकाला तो वेगळा लागला आहे.

सातव्या गाण्यावरचं टिपण तर माझ्या या सगळ्या मांडणीच्या विरोधात जातं. ते लिहिणारी ताई रात्रपाळी करून सकाळच्या गाडीनं परतताना ही तबकडी ऐकते. तिचं म्हणणं असं की हे दुःखाचं गाणंच नव्हे. पिच्चोत्तोच्या मागून बाकीचे मित्र ओरडून साथ देतात ती ऐका, ती म्हणते. ही पोरं एकमेकांना सापडल्यामुळे इतकी खूश झाली आहेत की त्यांना ते सोसवत नाहीये, आणि तुम्ही पुरुष त्यालाच दुःख समजून बसला आहात. आम्ही यावर पुष्कळ भांडलो. तिनं एक ओळ बदलली नाही आणि मी तिला बदलायला लावली नाही. तुम्ही ते टिपण आधी वाचा, मग पहिल्या पानावर या.